झाडपाल्यात गुण आहे, मान्य. पण गोळी का सोडता?

पत्राचा गोषवारा: डिचोली तालुक्यातल्या एका गावातून एका एक्केचाळीस वर्षांच्या प्राथमिक शिक्षिकेने लिहिलं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी उठल्यावर मूठ मिटेना, आदोळीवर बसून नारळ खवता येईना, फळ्यावर लिहिताना खडू निसटू लागला. तपासण्यांत अँटी-सीसीपी (या आजाराची खूण देणारं रक्तातलं प्रतिद्रव्य) बरंच वाढलेलं निघालं आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असं निदान झालं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि फॉलिक ॲसिड अशी औषधं सुरू झाली. तीन-चार महिन्यांत सूज बरीच उतरली. पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, वर्गात उभं राहवत नाही, आणि विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की ही कॅन्सरची गोळी आहे. सासूबाई रोज सकाळी अमृतवेलीचा, म्हणजे गुळवेलीचा, काढा पुढ्यात ठेवतात. दिराने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सांधेदुखीची पुडी आणली आहे. ती अजून फोडलेली नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या भाच्याने एक लेख पाठवला: हळद, सालई आणि एका चिनी वेलीतली संयुगं आमवातावर गुणकारी ठरत असल्याचं त्यात म्हटलं आहे. गेले दोन महिने बाई मेथोट्रेक्सेट एक आठवडा घेतात, एक आठवडा टाळतात. सोबत काढा आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल चालू आहेत. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्या विचारतात, “आता विज्ञानच म्हणतंय की वनस्पतींत औषध आहे. मग मी गोळ्या हळूहळू सोडून पूर्ण झाडपाल्यावर गेले तर बिघडलं कुठे?”

नमस्कार बाई,

तातडीचं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. एक आठवडा गोळी आणि एक आठवडा सुट्टी हा जो मधला मार्ग तुम्ही काढलाय, त्यात दोन्हीकडून तोटा आहे. मळमळ सुटली नाही, केस गळायचे थांबले नाहीत आणि रोगावर वचक मात्र अर्धाच राहिला. काढा आणि कॅप्सूल आजपासून बंद ठेवा. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, यकृताची आणि रक्ताची तपासणी करून घ्या, आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा नियमित कधीपासून, किती, ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तपासणी आधी का, ते पुढे येईलच. पुडी फोडू नका, पण टाकूनही देऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. प्रश्न चांगला आहे. मी बरीच वर्षं फार्मसीच्या मुलांना वनौषधींचा विषय शिकवला, त्यामुळे झाडपाल्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण तुमच्या पत्रात एका बाजूला झाडं उभी आहेत आणि दुसऱ्या बाजूला गोळ्या. ही वाटणीच मला मान्य नाही.

तुमच्या डब्यातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच घ्या. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळालं, ते हिवतापावर चाललं. त्या कुळातला रेणू पुढे प्रयोगशाळेत घडवत घडवत क्लोरोक्विन आलं, मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ॲस्पिरिनचं मूळ विलोच्या सालीत. फॉलिक ॲसिड १९४१ साली वेगळं काढलं गेलं ते पालकाच्या पानांतून. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरली कंपनीत त्याच फॉलिक ॲसिडवर काम करत होते. त्यांच्या गटाने त्या रेणूत थोडा फेरफार करून त्याच्या नेमके उलट वागणारे रेणू तयार केले. मेथोट्रेक्सेट त्यातलंच एक. म्हणजे ज्या गोळ्यांना तुम्ही ‘केमिकल’ म्हणून घाबरता, त्यांच्या घराण्यात दोन-तीन पिढ्या मागे गेलं की पान नाहीतर साल भेटतेच. आणि आपल्या गोव्याला तर हा विषय नवा नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वनौषधींवरचा आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याचंच नाव आहे.

तेव्हा औषध झाडाचं की कारखान्याचं, हे विचारू नका. त्यात नेमकं काय आहे, किती आहे, ते तुमच्यासारख्या माणसांना दिल्यावर काय झालं, आणि बिघडलं तर ते वेळेत कळायची सोय आहे का, एवढं विचारा. या चार प्रश्नांना मेथोट्रेक्सेटकडे उत्तरं आहेत. अमेरिकेत आमवातासाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली, आणि आता जगभर बहुधा पहिलं औषध म्हणून तेच दिलं जातं. त्याचे दुष्परिणाम आहेत, पण ते मोजलेले आहेत. कुठली तपासणी कधी करायची हेही ठरलेलं आहे.

तुमच्या यजमानांनी वाचलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. कॅन्सरवरही मेथोट्रेक्सेट देतात. काही प्रकारांत ते इस्पितळात शिरेतून, ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात डोस असतो आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या डोसात त्याचं काम पेशी मारण्याचं नसून भडकलेली प्रतिकारयंत्रणा शांत करण्याचं असतं. मात्र इथे सगळ्याच वाचकांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. फॉलिक ॲसिड बहुधा त्या वारी सोडून दुसऱ्या दिवशी देतात, दोन्ही गोळ्या पिवळसर आणि छोट्या असल्या की घोटाळा तिथेच होतो.

भाच्याच्या लेखातल्या चिनी वेलीबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वेलीतच आहे. तिचं शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय. चीनमध्ये तिच्या मुळाचा अर्क आमवातावर बऱ्याच काळापासून वापरतात. त्यात ट्रिप्टोलाइड आणि सेलास्ट्रॉल नावाची संयुगं आहेत आणि ती खरोखरच दाह दाबतात. हे उंदरांवर भागलेलं नाही, माणसांवर तपासलेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत २०७ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला वेलीचा अर्क, एकाला दोन्ही. चोवीस आठवड्यांनी, सांध्यांची सूज-दुखी निम्म्याने उतरणं या मापावर पहिल्या गटात ४६ टक्के, दुसऱ्यात ५५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत जवळपास ७७ टक्के रुग्ण उतरले. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं, हा त्या चाचणीतला कच्चा दुवा. तरीही आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

मग डॉक्टर ती वेल का देत नाहीत? तिने बायकांची पाळी अनियमित होते, कधी कायमची जाते. पुरुषांत शुक्राणू घटतात. यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पानं, फुलं आणि मुळाची साल इतकी विषारी की नीट न सोललेल्या मुळानेही माणसं दगावली आहेत. ‘वनस्पती आहे, म्हणजे सौम्य असणार’ हे तुमच्या पत्रात कुठे लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते गृहीत धरलेलं दिसतं. आमवातावर जी वनस्पती सगळ्यांत जोरकस ठरली, तिचेच दुष्परिणाम मेथोट्रेक्सेटहून भारी आहेत. जिच्यात भडकलेली प्रतिकारशक्ती दाबायची ताकद आहे, ती शरीरात दुसरीकडे कुठेच हात लावणार नाही, असं होत नाही. इंटरनेटवर ही वेल कॅप्सूलमध्ये विकायला असते. मागवू नका.

हळदीची गोष्ट वेगळी आहे. हळदीचं नाव निघालं की आपल्याकडे अभिमान जागा होतो, आणि गोव्यात तर जास्तच. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट १९९७ साली रद्द करायला लावणारे डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे आपल्या माशेलचे. पण ती लढाई होती ‘हे आमचं जुनंच ज्ञान आहे, तुमचा शोध नव्हे’ यासाठी. हळदीने आमवात बरा होतो, असा निकाल तिथे कोणी दिलेला नाही. फिरत्या निरोपांत या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

हिशेब करून बघा. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. एक चमचा, म्हणजे तीन ग्रॅम हळद घेतली तर त्यात शंभरेक मिलिग्रॅमच्या आसपास. चाचण्यांत दिवसाला पाचशे-हजार मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त देतात. शिवाय पोटातून रक्तात ते फारच थोडं उतरतं. १९९८ साली बंगळूरमध्ये झालेल्या एका अभ्यासात मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिल्यावर माणसांच्या रक्तात ते वीस पट उतरलं. तेव्हापासून बहुतेक कॅप्सूलवर ‘पिपेरिनसह’ असं मिरवलेलं असतं. पण पिपेरिन हे काम करतं ते यकृताचा औषधं मोडायचा वेग कमी करून, आणि तो काही फक्त कर्क्युमिनपुरता कमी होत नाही. तुम्ही घेत असलेली दुसरी औषधंही मग रक्तात जास्त वेळ राहू शकतात.

आणि गुण? आमवाताच्या रुग्णांवर भारतात झालेल्या एका चाचणीत कर्क्युमिन घेणाऱ्यांची सूज-दुखी डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपेक्षा बरी उतरली. निकाल २०१२ साली छापून आला. हाच निकाल सगळीकडे फिरतो. पण त्यात रुग्ण होते ४५, तेही तीन गटांत वाटलेले, आणि तुलना होती वेदनाशामकाशी. हाडाची झीज थांबली का, हे त्यात कोणी पाहिलंच नव्हतं.

काजूच्या बोंडाचा नीरो प्यायला तर कोणी झिंगत नाही. त्याच रसाचा हुर्राक होतो, पुढे फेणी होते, आणि मग गोष्ट वेगळी असते. कढीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क यांतही असंच अंतर आहे. कालवणातल्या हळदीने, हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांनी कोणाचं यकृत सुजल्याचं ऐकलं नाही. अर्काच्या कॅप्सूलनी मात्र इटलीत आणि अमेरिकेत यकृताला सूज आल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. तशी माणसं थोडी, पण तुमचं यकृत आधीच मेथोट्रेक्सेटसाठी देखरेखीखाली आहे. उद्या यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलं, तर ते गोळीने की कॅप्सूलने की काढ्याने, हे डॉक्टरांना कळणार कसं? ते बिचारे गोळीच बंद करतील, आणि तुम्हाला लागू पडलेलं औषध हातचं जाईल.

फेणीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. गुडघ्याला फेणी चोळायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती खुशाल चालू ठेवा. पोटात मात्र मेथोट्रेक्सेट चालू असताना फेणी, हुर्राक, बिअर काहीच नको, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाई, हे तुमच्यासाठी नसेल, पण हे वाचणाऱ्या काही पात्रांवांसाठी आहे.

सालईचा डिंक, म्हणजे शल्लकी, गुडघेझिजेच्या दुखण्यावर थोडाफार उपयोगी पडतो असं दिसलंय. गुडघेझीज आणि आमवात हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुकानदार दोन्हींना ‘सांधेदुखी’ म्हणून एकच डबी देतो. तिथेच निम्मी फसगत होते. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण आमवाताच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे, एका गटाला खरं औषध आणि एका गटाला हुबेहूब दिसणारं खोटं देऊन, नीट तपासलं. २००० साली निकाल छापला. दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं! खऱ्या औषधाचं पारडं किंचित जड होतं, पण एका रक्ततपासणीतला फरक सोडला तर ठामपणे बोट ठेवावं असं काही हाती लागलं नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. हा आजार मुळातच चढउताराचा. माणूस औषधाला जातो तेव्हा तो शिखरावर असतो, आणि नंतर काहीही घेतलं तरी थोडा उतरतोच. शेजारणीला अमुक काढ्याने बरं वाटलं, हे ती खोटं सांगत नसते.

कोकमातल्या गार्सिनॉलचंही नाव तुमच्या भाच्याने घेतलंय. त्याच्यावर काम झालंय ते मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. सोलकढी आवडीने प्या, तेवढंच. उलट, आमवात झाला म्हणून आंबट सोडा, मासे सोडा असं कोणी सांगितलं असेल तर तेही ऐकू नका. तारले-बांगड्यांतल्या तेलाने सांध्यांचं दुखणं किंचित कमी होतं, असा पुरावा आहे.

आता अमृतवेल. सासूबाई मायेने देतात, म्हणून हे सांगणं जड जातं. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून ती प्यायची. पण तुमचा आजार प्रतिकारशक्ती कमी पडल्याने झालेला नाही. ती भरकटून तुमच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून गेली म्हणून झालाय. ती आणखी चेतवणारं काही घेण्यात काय हशील? कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचा रतीबच लावला होता. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची नोंद छापली, पुढे देशभरातल्या केंद्रांतून त्रेचाळीस रुग्णांची. काविळीने आलेली ही माणसं, आणि यकृत सुजलं होतं ते जणू प्रतिकारशक्तीनेच हल्ला केल्यासारखं. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवा. कुंपणावरून तोडलेली वेल नेमकी कुठली, हे तुमच्या घरात कोण सांगणार? ज्यांना आधीच स्वप्रतिकाराचा आजार आहे, त्यांनी ती न घेतलेली बरी. म्हणूनच यकृताची तपासणी आधी करा असं वर लिहिलं.

पुडीबद्दल. कागदात बांधलेली, ना नाव, ना परवाना क्रमांक, ना घटकांची यादी. अशा पुड्यांची खूण एकच: दोन-तीन दिवसांत चमत्कार होतो. वर्षभर न मिटणारी मूठ मिटते, भूक खवळते, झोप लागते. झाडपाला असा वागत नाही. असं वागतं ते स्टेरॉइड, कधी जोडीला डायक्लोफेनॅक. सांधेदुखीच्या बेनावी पुड्यांमध्ये ते कुटून घातलेलं अनेकदा सापडलंय. महिना-दोन महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, रक्तदाब वाढतो. वाचकांपैकी कोणी अशी पुडी काही आठवडे घेत असेल, तर हे वाचून उद्या एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थंडावलेलं असतं. अचानक तोडलं तर उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. पुडीसकट डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील. आणि नाव-पत्ता छापलेल्या डब्यांवरही डोळे मिटून विश्वास नको: इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी करून २००८ साली अमेरिकेत जो निष्कर्ष छापला गेला, त्यात सुमारे पाचव्या हिश्शाच्या औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.

मग आयुर्वेदाचा रस्ता बंदच का? नाही. आमवाताचं स्वतंत्र वर्णन माधवनिदानात हजारावर वर्षांपूर्वी येऊन गेलंय, आणि ते वाचलं तर हा आजार आपल्या पूर्वजांनी किती जवळून पाहिला होता ते कळतं. कोइमतूरला ४३ रुग्णांवर छत्तीस आठवडे एक प्रयोग झाला: काहींना वैद्यांनी प्रकृती बघून दिलेली आयुर्वेदिक औषधं, काहींना मेथोट्रेक्सेट, काहींना दोन्ही. २०११ साली आलेल्या निकालात तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. प्रयोग छोटा, त्यावरून गोळी सोडावी असं ठरत नाही. पण थट्टा करून उडवून लावण्यासारखाही तो नाही. यातली बारकाई लक्षात घ्या. तिथे वैद्य होते, रुग्णाला तपासून औषध ठरत होतं, रक्ततपासण्या होत होत्या. कुंपणावरची वेल आणि बाजारातली पुडी म्हणजे तो प्रयोग नव्हे.

तेव्हा आयुर्वेद करायचाच असेल, तर पदवीधर वैद्यांकडे जा. पेडण्यात धारगळला २०२२च्या डिसेंबरात अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ सुरू झालंय. तुमची सगळी कागदपत्रं घेऊन तिथे जाता येईल. चांगल्या वैद्याची माझी पारख साधी आहे: तो तुमचे रिपोर्ट मागतो, मेथोट्रेक्सेट सोडा असं पहिल्याच भेटीत म्हणत नाही, आणि काय देतो ते कागदावर लिहून देतो. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून उठून यावं.

तुम्ही गोळी टाळू लागलात ते लेखामुळे नव्हे, मळमळीमुळे, असा माझा अंदाज आहे. लेख मागाहून आधाराला मिळाला. आणि मळमळ हा सुटणारा प्रश्न आहे, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा. गोळी रात्री जेवणानंतर, झोपायच्या आधी घेतली तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो. वार शनिवार ठरवला तर दुसरा दिवस रविवार, शाळा नाही. डोस त्याच दिवशी दोन वेळांत विभागता येतो. फॉलिक ॲसिड वाढवता येतं, त्याने केसांनाही थोडा दिलासा मिळतो. यातलं काही नाही जमलं तर पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन असतं. अनेकांची मळमळ त्याने आटोक्यात येते. तेही नाही सोसलं तर सल्फासालाझीन, लेफ्लुनोमाइड अशी दुसरी औषधं आहेत. केस विरळ होतात ते बहुतेक वेळा टक्कल पडण्यापर्यंत जात नाहीत, आणि पुन्हा येतात. हे सगळं डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण ओपीडीतली रांग तुम्हीही पाहिली आहे.

‘सूज उतरली म्हणजे आजार गेला’ असं मात्र समजू नका. दुखणं आणि झीज या दोन गोष्टी आहेत. वेदनाशामक घेऊन, शेक घेऊन दुखणं कमी होतं, पण आत अस्तराची सूज धुमसत राहिली तर ती हाड कुरतडते, आणि हे बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊन जातं. एकदा बोट वाकडं झालं की ते कुठल्याच झाडाने किंवा गोळीने सरळ होत नाही. तुमचं निदान होऊन आठ महिने झालेत. म्हणजे तुम्ही नेमक्या याच काळात आहात. पुढे दोन-चार वर्षं रोग पूर्ण शांत राहिला तर डोस कमी करण्याची गोष्ट तुम्हीच काढा, डॉक्टरही काढतील. ती त्या वेळची गोष्ट.

घरात कसं सांगायचं, हा खरा अवघड भाग. सासूबाईंना ‘तुमचा काढा विषारी’ असं म्हणालात तर काढाही थांबणार नाही आणि बोलणं तेवढं थांबेल. त्यांना निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला आणायला सांगा. उकळलेल्या पाल्याच्या पाण्याने हातांना शेक, वर एरंडेलाचं हलकं बोट. सांधा लाल आणि गरम नसेल तेव्हा हे सगळं सुखाचं आहे आणि मेथोट्रेक्सेटच्या आड येत नाही. बिब्बा मात्र लावू देऊ नका, कातडी जळते. यजमानांना पुढच्या खेपेला सोबत घेऊन जा, कॅन्सरचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे. भाच्याला लिहा की लेख आवडला, आता एवढं शोधून दे: हे पेशींवर झालं, उंदरांवर की माणसांवर? किती माणसांवर, किती दिवस, आणि तुलना कशाशी? पोरगं हुशार दिसतंय, त्याला कामाला लावा.

डॉक्टर रागावतील म्हणून लपवलंत, असं लिहिलंय तुम्ही. रागावतील कदाचित. घटकाभर ऐकून घ्या. तुमच्या शाळेतलं पोर गृहपाठ केला नाही हे लपवतं तेव्हा तुम्हाला काय वाटतं, ते तुम्हीच जाणता. एका कागदावर लिहून न्या: कुठल्या तारखांना गोळी घेतली नाही, काढा किती आणि कधीपासून, कॅप्सूलचं पाकीट, पुडी. सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागतात, तेही आठवडाभर टिपा. तो एक आकडा डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवत असाल तर जुनी फाइल आणि दोन महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवा, तुलनेला लागतो.

गोळी नियमित झाली की काही गोष्टी घरी लिहून ठेवा. तोंड येणं, ताप, कोरडा खोकला आणि दम लागणं, डोळे पिवळे होणं, अंगावर निळेकाळे डाग: यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीच्या जळजळीला फार्मसीतून कोट्रायमॉक्साझोल आणून घेऊ नका; मेथोट्रेक्सेटबरोबर ते रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेटचं नाव आधी सांगा. मूल होण्याच्या वयातल्या वाचकांसाठी: या गोळीवर असताना गर्भ राहू देऊ नये, आणि मूल हवं असेल तर महिनोन्‌महिने आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं. नवऱ्याला हा आजार असेल तर त्यानेही विचारावं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची तपासणी ठरल्या मुदतीत करून घ्या.

एखाद्या शनिवारी गोळी विसरलीच, तर दोन दिवसांच्या आत आठवली तर घ्या. त्याहून उशीर झाला तर सोडून द्या आणि पुढच्या शनिवारी नेहमीचीच घ्या. मागची भरून काढायला दुप्पट कधीच नाही. आणि रक्ततपासणीच्या दिवशी उपाशी निघू नका. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासणीला उपास लागत नाही. डिचोलीहून पहाटेची बस धरायची, वर रांगेत उभं राहायचं. भाजी-पाव खाऊनच निघा.